28 सप्टेंबरनंतर विनंती नाही

सोसायटीत कुत्रा किंवा मांजर पाळणारे सगळे सभासद, सगळे भाडेकरू आणि शनिवार-रविवारी मुलाचा कुत्रा सांभाळायला आणणारे आजी-आजोबा, यांपैकी कोणीही या सूचनेतून सुटलेलं नाही. येत्या 28 सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत दोन कागद सोसायटीच्या कार्यालयात पोचले पाहिजेत: प्राण्याला रेबीजची लस दिल्याचं प्रमाणपत्र आणि पुणे महापालिकेचा परवाना. आजवर आपण विनंती केली. फलकावर कागद लावला, ग्रुपवर कळवलं, सर्वसाधारण सभेत हात जोडले. काहींनी दुसऱ्याच दिवशी कागद आणून दिले. त्यांचे आभार, आणि त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांना हा इशारा आहे आणि तो शेवटचा आहे.

तारीख सहज धरलेली नाही. लुई पाश्चर 28 सप्टेंबर 1895 रोजी वारले, म्हणून तो दिवस जगभर रेबीज दिन पाळतात. पाश्चरनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली ती 6 जुलै 1885 ला. त्याला एकशे चाळीस वर्षं उलटली. माणसासाठीची रेबीजची लस आज आपल्याच शहरात, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आणि इथल्या शिकल्यासवरल्या सोसायटीत, जिथे प्रत्येक मजल्यावर एखादा तरी परदेशी जाऊन आलेला आहे, तिथे कुत्र्याला टोचून आणा म्हणून सचिवाला दमदाटी करावी लागते.

आधी रोगाविषयी, कारण कागद न देणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाच नाही असं बोलण्यावरून दिसतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर औषध नाही. जगातल्या कुठल्याही रुग्णालयात नाही. लाळेतला विषाणू जखमेतून आत जातो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकू लागतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरात पोचतो, कधी वर्ष उलटून गेल्यावर. जखम तोपर्यंत भरलेली असते आणि माणूस ती विसरलेला असतो. मग त्याच जागी मुंग्या येतात, आग होते, ताप चढतो. पुढे पाण्याचा घोट घेताना घसा आवळतो, इतका की पेला समोर आणला तरी अंग झटके देतं. पंख्याची झुळूकही सोसत नाही. आणि या सगळ्यात तो माणूस अधूनमधून पूर्ण शुद्धीवर असतो, नातेवाइकांना ओळखतो, त्यांच्याशी बोलतो. मुंबईच्या कस्तुरबात किंवा आपल्या नायडू रुग्णालयात साथीच्या वॉर्डात काम केलेली एखादी परिचारिका ओळखीची असेल तर तिला विचारा. मग कागदाची टाळाटाळ करून दाखवा.

देशात या रोगाने दरवर्षी किती माणसं जातात यावर वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज अठरा ते वीस हजारांचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2022-23 मध्ये घरोघर जाऊन केलेल्या पाहणीतून आलेला आकडा 5,726 चा. यातला कुठला खरा मानायचा ते ज्याने त्याने ठरवावं. लहान आकडा धरला तरी रोज पंधरा माणसं होतात, आणि तीही अशा रोगाने, ज्याची लस गल्लोगल्ली मिळते.

आता मूळ मुद्दा. कुत्र्याला लस देणं ही घरगुती बाब आहे, सोसायटीने त्यात नाक खुपसू नये, असं एका सभासदांनी मला लिहून कळवलं आहे. ही घरगुती बाब नाही. दार उघडं राहिलं की कुत्रा धावतो कोणावर? घरच्यांवर नाही. वॉचमनवर, दूधवाल्यावर, पार्सल आणणाऱ्या पोरावर, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींवर, जिन्यात पकडापकडी खेळणाऱ्या मुलांवर. तुमच्या कुत्र्याची लस तुम्ही चुकवली तर तिची किंमत ही माणसं मोजतात. सरकारी दवाखान्यात त्यांना लस फुकट मिळते हे खरं. पण दंडावर घ्यायची ती लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशी रांगेत उभं राहून घ्यावी लागते आणि दर वेळी निम्म्या दिवसाची मजुरी बुडते. जखम खोल असेल तर लशीच्या जोडीला जखमेतच सीरम टोचावं लागतं. ते प्रत्येक दवाखान्यात हाताशी असतंच असं नाही, आणि खासगीत घ्यायचं तर खिशाला जड जातं.

गेल्या वर्षी डी विंगच्या जिन्यात पार्सल घेऊन आलेल्या एका पोराच्या पोटरीला लॅब्रेडॉरने दात लावले. मालकांनी तत्परतेने डेटॉल दिलं, पाचशे रुपये पुढे केले. ‘अहो, तो चावत नाही, खेळतो नुसता,’ हे पालुपद होतंच. लशीचं पुस्तक मागितलं तेव्हा त्यातली शेवटची नोंद 2021 ची निघाली. त्या पोराचा फोन नंबरसुद्धा कोणी घेतला नव्हता. कुत्रा आजही ठणठणीत आहे, म्हणजे पोराला धोका नव्हता. पण हे आपल्याला नंतर कळलं. त्याला कोणीच कळवलं नाही.

सबबी मला पाठ झाल्या आहेत, तेव्हा त्यांची उत्तरंही इथेच देतो, म्हणजे 28 तारखेला कार्यालयात वेळ जाणार नाही.

‘आमचा घरातच असतो.’ दिवाळीत फटाक्यांना घाबरून पट्टा तोडून पळालेला आणि तीन-चार दिवसांनी मळलेल्या अंगाने परतलेला कुत्रा याच आवारात आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या दिवसांत तो कोणाशी भांडला याची नोंद कोणाकडे आहे? रेबीज फक्त कुत्र्यांचा रोग नाही. मांजर, मुंगूस, कोल्हा, गाय, म्हैस, सस्तन प्राण्यांत कोणालाही होतो. मागच्या टेकडीवर मुंगसं आहेत आणि तुमचं मांजर रात्री गॅलरीतून कुठे जातं हे तुम्हालाही माहीत नसतं. मांजरवाल्यांनी हा कागद आपल्यासाठी नाही असं समजून बाजूला ठेवू नये. महापालिकेने नोंदणी मांजरांनाही लावली आहे.

‘आम्ही सगळ्या लशी दिल्यात.’ ही सबब सांगणारे बहुधा खोटं बोलत नसतात, आणि म्हणूनच ती सगळ्यात घातक आहे. पिल्लाला देतात त्या ‘सेव्हन-इन-वन’, ‘नाइन-इन-वन’ लशी डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ यांच्यासाठी असतात. त्यांतल्या बऱ्याच लशींत रेबीज नसतो. त्याचं इंजेक्शन वेगळं असतं. पुस्तक उघडा आणि बाटलीवरून काढून चिकटवलेला छोटा स्टिकर वाचा. त्यावर रेबीज असं छापलेलं नसेल तर तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस मिळालेली नाही. सही, शिक्का, पंजाचं चित्र, काहीही असलं तरी नाही. पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे डोस. आपल्याकडे ते वर्षातून एकदा देतात आणि परवान्याचं नूतनीकरणही वर्षाचं आहे. मागच्या वर्षीची नोंद या वर्षी चालणार नाही.

‘अजून पिल्लूच आहे.’ तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तेवढे दिवस सवलत आहे, पण वयाचा दाखला म्हणून डॉक्टरांची नोंद दाखवा. पिल्लू म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. 2025 मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरकडचा एक राज्यस्तरावरचा कबड्डीपटू नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढायला उतरला. ते बोटाला चावलं. एवढ्याशा जखमेला काय लस घ्यायची म्हणून त्याने घेतली नाही आणि तो रेबीजने गेला.

‘चावलंच तर माणसाला इंजेक्शन मिळतं की.’ मिळतं. पण चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर विषाणूला मेंदूपर्यंत जायला अंतर थोडं असतं, आणि कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर चेहरा असतो तो लहान मुलांचाच. 2022 मध्ये केरळात पथनमथिट्टा जिल्ह्यातली बारा वर्षांची मुलगी लशीचे डोस चालू असताना दगावली. तिला डोळ्याजवळ चावा होता. शिवाय मुलं सांगत नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये गाझियाबादला चौदा वर्षांचा एक मुलगा रेबीजने गेला. त्याला शेजाऱ्यांकडचा कुत्रा चावला होता आणि ओरडा बसेल या भीतीने त्याने महिनाभराहून अधिक काळ घरात ते लपवलं. हे भटक्या टोळीचं काम नव्हतं. तुमच्या-माझ्यासारख्या शेजाऱ्याचं होतं.

प्राणी खरोखर आजारी असेल, वयाने थकलेला असेल आणि लस देऊ नये असं डॉक्टरांचं मत असेल, तर तसं लेखी पत्र आणा. ते समिती मान्य करील. मात्र पत्रावर आणि प्रमाणपत्रावर पशुवैद्याचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. लशीचं नाव, बॅच नंबर, दिल्याची आणि पुढची तारीख हवी. ब्रीडरने पिल्लासोबत सही करून दिलेलं पुस्तक, पेट शॉपमधल्या मुलाने घरी येऊन केलेली टोचणी, हे चालणार नाही. रेबीजची लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. स्कूटरच्या डिकीत उन्हातान्हात फिरून आलेल्या बाटलीत पाणी आहे की लस, हे सांगता येत नाही.

कायद्याचं बोलू. काहींनी परस्पर वकिलांना विचारलं आहे असं कानावर आलं, म्हणून समितीनेही वाचून ठेवलं आहे. पाळीव प्राण्याचं लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, असं केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिवाला धोकादायक रोग पसरेल अशा हयगयीला कलम 271 आहे. आणि 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात रेबीज अनुसूचित रोग आहे. आपल्या प्राण्याला तो झाल्याची शंका आली तर कळवणं मालकाला बंधनकारक आहे. गुपचूप पुरून टाकणं हा गुन्हा लपवणं आहे.

हेही सांगतो की समिती काय करणार नाही. कुत्रा पाळायला बंदी घालणार नाही, लिफ्ट बंद करणार नाही, पाणी तोडणार नाही, मनमानी दंड लावणार नाही. तसा अधिकार सोसायटीला नाही, आणि प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत तुमच्या बाजूच्या आहेत. सभेत ज्यांनी ‘कुत्रेच हाकला’ म्हणून टेबल बडवलं त्यांनीही हे नीट वाचावं. माझा राग कुत्र्यांवर नाही. त्यांनी काही केलेलं नाही. त्यांना दवाखान्यात आपलं आपण जाता येत नाही.

करणार ते असं. 29 सप्टेंबरला सकाळी, ज्यांचे कागद आलेले नाहीत त्यांच्या सदनिका क्रमांकांची यादी समितीच्या ठरावासह महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी जाईल आणि पोच घेतली जाईल. घर भाड्याने दिलं असेल तर घरमालकालाही प्रत जाईल. त्यानंतर बिनलशीच्या प्राण्याने आवारात कोणालाही दात किंवा नख लावलं, तर पोलिसात तक्रार समिती स्वतः करील. जखमी माणूस वॉचमन असो की पार्सलवाला, त्याने तक्रार करायची की नाही याचं ओझं त्याच्या डोक्यावर राहणार नाही. हा इशारा तुम्हाला मिळाला होता हे तक्रारीत लिहिलेलं असेल, म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हा बचाव उरणार नाही. आपसात मिटवण्यासाठी माझ्याकडे येऊ नये. माझी-तुमची ओळख वीस वर्षांची असली तरी येऊ नये.

एक भीती मला आहे आणि ती उघड बोलतो. हा कागद वाचून कोणीतरी कुत्रा गाडीत घालून कात्रजच्या पलीकडे किंवा ताम्हिणी घाटात सोडून येईल. हौस फिटली की असं करणारे लोक या शहरात आहेत. घाटात पट्ट्यासकट फिरणारे हस्की आणि बॉक्सर आपोआप उगवत नाहीत. प्राण्याला उपाशीतापाशी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, ही आपली लायकी. पण फाटकावर कॅमेरा आहे, गाडीचा नंबर दिसतो, आणि तक्रार झाल्याचं तुमच्या कंपनीला, नातेवाइकांना कळायला वेळ लागणार नाही. बिनलशीचा कुत्रा रस्त्यावर सोडणं म्हणजे घरातला धोका गावाच्या गळ्यात बांधणं.

भटक्यांचं काय, हा प्रश्न येणारच. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले तेव्हा आपल्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत युद्ध चाललं होतं. त्या युद्धात तावातावाने लिहिणाऱ्या काहींच्या स्वतःच्या कुत्र्याचे कागद आजही आलेले नाहीत. आवारातल्या भटक्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण महापालिकेच्या पथकाकडून करून घेण्याचा पाठपुरावा समिती करते आहे आणि त्यांना खायला घालणाऱ्यांनी त्या दिवशी कुत्री धरून द्यायला हजर राहायचं आहे. मारून टाका म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की हा उपाय मुंबईत इंग्रजांनी करून पाहिला. कुत्र्यामागे बक्षीस लावलं, त्यावरून जून 1832 मध्ये पारशांनी दंगल केली, आणि पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पालिका कुत्री मारत राहिली. कुत्री संपली नाहीत, रेबीजही संपला नाही. शेजारच्या गोव्याने 2014 पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचली आणि 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते. पाळीव कुत्र्यांची लस त्या सत्तर टक्क्यांतला सर्वांत सोपा भाग, कारण ही कुत्री पकडायला जाळं लागत नाही.

शेवटी, चावा झालाच तर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. मिरची, चुना, हळद, तंबाखू यांतलं काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा; कुत्रा लस दिलेला असला तरी जा, पुढचं डॉक्टर ठरवतील. पोटात चौदा सुया हा प्रकार आता नाही, त्या जुन्या लशीचं उत्पादन भारतात 2004 च्या अखेरीस बंद झालं, तेव्हा त्या भीतीने कोणी घरी बसू नये. चावणाऱ्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा; तो त्या काळात मेला किंवा गायब झाला तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. मात्र दहा दिवस वाट बघून मग लस घेऊ असं करू नका.

आणि मालकांसाठी एक. रेबीज झालेला कुत्रा नेहमी पिसाळून धावत नाही. मुका रेबीज झाला तर तो कोपऱ्यात बसतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि ते काढायला कोणीतरी प्रेमाने तोंडात हात घालतं. तो हात घालू नका. प्राण्याला खोलीत बंद करा आणि पशुवैद्याला फोन करा.

कागद कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळात घेतले जातील, रविवारी सकाळी दहा ते बाराही. मूळ पुस्तक दाखवायला आणावं, प्रत जमा करावी, पोच घ्यावी. मोबाइलवर पाठवलेला फोटो धरला जाणार नाही. मुदतवाढ मिळणार नाही.

सचिव, व्यवस्थापक समितीच्या वतीने